चाचींचा गुडघा आणि हिरवा चुडा

"सैल सोड, बाई. हात आवळलास की दुखतंय."

हे वाक्य आमच्या इस्लामपुरातल्या निम्म्या बायकांनी तरी ऐकलेलं आहे. बांगड्या भरायला समोर बसलेल्या बाईचा पंजा चाची दोन्ही हातांत घ्यायच्या, अंगठ्याखालचा भाग हळूच आत दाबायच्या आणि तिच्या माहेरची चौकशी सुरू करायच्या. "भाऊ बरा हाय का? म्हशीचं काय झालं त्याच्या?" बाई म्हशीचं सांगेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. तुम्हीही कधी बांगड्या भरून घेतल्या असतील, तर ही युक्ती ओळखाल. सारी गल्ली त्यांना चाची म्हणायची.

मी फिजिओथेरपी शिकून गावात परतले, तोवर जन्मभर जमिनीवर मांडी घालून चाचींचा उजवा गुडघा पार झिजला होता. मिरजेला ऑपरेशन करून नवा गुडघा बसवला. घरी आल्या, तेव्हा व्यायामाचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी गेले तर चाची खाटेवर ऐटीत पडलेल्या आणि गुडघ्याखाली गोधडीची जाड गुंडाळी. मी ती सरळ ओढून काढली. चाची किंचाळल्या. मी सासूपुढचं जेवणाचं ताट ओढावं तशी त्यांची सून माझ्याकडे बघायला लागली.

"आवं, असं काय करता? तेवढ्यानंच बरं वाटतंय त्यास्नी!"

बरं वाटतं हे खरंच. पण उशीवर गुडघा वाकलेलाच राहतो, तसाच आखडतो, आणि पुढं चालताना रोज दुखतो. मी गुंडाळी टाचेखाली सरकवली. गुडघा अधांतरी राहिला, चाचींनी अल्लाला हाक मारली आणि मला दोन शब्द सुनावले, ते इथं लिहीत नाही.

"गोळ्या घेताय ना?" मी विचारलं.

"हायत की." त्यांनी उशाचं बांगड्यांचं रिकामं खोकं उघडून दाखवलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या जशाच्या तशा. "लय दुखंल तवा घ्यायच्या म्हनून ठेवल्यात."

आमच्याकडची माणसं दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. दुखणं शिगेला पोचेपर्यंत थांबायचं नाही, हे मी त्यांना तीनदा समजावलं. लिहून दिलेल्या वेळेला गोळी, तिनं गुण यायला लागला की व्यायाम, नंतर बर्फ. बर्फाची सोय त्यांनीच काढली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गोठलेल्या पेप्सीच्या नळ्या टॉवेलात गुंडाळून त्या गुडघ्यावर ठेवायच्या, आणि विरघळल्या की मला प्यायला द्यायच्या.

ऐकायला एवढ्या तयार कशा झाल्या, ते दुसऱ्या दिवशी कळलं. मळ्यातल्या सुभेदारांच्या नातीचं लग्न अडीच महिन्यांवर होतं.

"त्या घरच्या समद्या लेकीसुनांचा चुडा माझ्या हातनं भरलाय. हिचा दुसऱ्या कुनी भरला तर नवा गुडघा घालून मी काय करू? माझ्या पायानं जानार. उचलून न्हाई."

मग काय, रोज सकाळी आमची झटापट. टाच गादीवरून मागं ओढायची, गुडघा वाकवायचा. टाच सरकेना, तेव्हा चाचींनी पायात प्लास्टिकची पिशवी चढवली. "घट बांगडीला आमी हेच करतो," म्हणाल्या. टाच सरकली. पण दुखायला लागलं की दात खाऊन मांडी आवळायच्या आणि सगळं अडायचं. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "चाची, सैल सोडा. आवळलंत की दुखतंय."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसल्या. "माझंच मला व्हय गं?"

"भाऊ बरा आहे का?" मी विचारलं.

भाऊ कवठे महांकाळला होता आणि त्यानं नुकतंच बोअर मारलं होतं. चाची बोअरचं सांगत गेल्या. पाणी लागेपर्यंत गुडघा कालच्यापेक्षा चार बोटं जास्त वाकला होता.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि सहाव्या आठवड्यात एके सकाळी गुडघा टम्म सुजलेला दिसला. आदल्या दिवशी त्या गुपचूप जमिनीवर बसून शेजारणीला बांगड्या भरत होत्या. उठता येईना, तेव्हा शेजारीण आणि सून, दोघींनी ओढून उठवलं.

"जमिनीवर बसायचं नाही, हे किती वेळा सांगितलं?" मी ओरडले.

"खुर्चीत बसून कुनी चुडा भरतंय व्हय? नवरी पाटावर, मी तिच्यासमोर. मला बसायला आलंच पायजे!"

मला रडू आलं. लग्न चुकलं तर ही बाई अंथरूण धरेल, याची मला भीती वाटत होती. डॉक्टरांनी तपासून काही बिघडलं नाही म्हणून सांगितलं. तीन दिवस आम्ही दोघी फक्त बर्फ लावत बसलो. तिसऱ्या दिवशी चाचींनीच पिशवी मागितली. "चल, घे पाय."

चुड्याच्या दिवशी मळ्यातल्या घराच्या तीन दगडी पायऱ्या त्या काठी टेकत चढल्या. आधी डावा, मग उजवा. मी मागं होते, पण हात लावायची बंदी होती. सोप्यात पाट मांडलेला, भोवती रांगोळी, नवरी बसायच्या तयारीत. चाची पाटाकडे बराच वेळ बघत राहिल्या. 

"पाट उचला," चाची म्हणाल्या. "दोन खुर्च्या आना."

कुणी हलेना. मग सुभेदारांनी स्वतः खुर्च्या आणल्या आणि पाट उचलून नातीच्या पायाखाली ठेवला. "आता नवरी पाटावरच हाय," म्हणाले. कुणी मायेनं चाचींच्या गुडघ्याखाली उशी सरकवायला गेलं, ती त्यांनी झटक्यात बाजूला केली. नवरीचा पंजा हातात घेतला.

"सैल सोड, बाई."

त्यानंतर दोन वर्षं चाची बाजारात खुर्ची टाकून बांगड्या भरत होत्या. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन गेल्या. मी पोचले तेव्हा सुनेनं मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "उशी न्हाई ठेवली, बघा." पांढऱ्या चादरीखाली चाचींचे दोन्ही पाय सारखे सरळ होते. मी त्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं रडले.