वीज खात्याचे मोघेसाहेब

मोघेसाहेब कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीजवळ जायचे. विजेची तार ज्या लाकडी पट्टीतून गेलेली असते, तिच्यावर हाताची पालथी बाजू टेकवायचे आणि तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसे क्षणभर गप्प उभे राहायचे. मग "ठीक आहे" म्हणायचे, टोपी काढायचे आणि पाणी मागायचे. चहाला बोलावलेलं असो की सत्यनारायणाला, यात फरक नाही. त्यांच्या पत्नी विमलताई सांगायच्या, "लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आले, तेव्हा वडलांच्या पाया पडण्याआधी यांनी भिंत चाचपली. वडलांना वाटलं, जावई घराची किंमत काढतोय."

ते मूळचे ग्वाल्हेरचे. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, तेव्हा तिकडची काही माणसं इकडे इंदूरला आली, त्यांत हे वीज खात्याचे इन्स्पेक्टर म्हणून आले. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते मात्र पाहुणे म्हणून नव्हे. आमच्याविरुद्ध तक्रार झाली होती.

आमचे हे, दत्तोपंत, संस्थानच्या मोटारखान्यात गाड्या रंगवायचे. विलीनीकरणानंतर मोटारखाना आवरता घेतला गेला आणि यांची नोकरी गेली. मोडीत निघालेला एक कंप्रेसर यांनी घरी आणला, मोटर बसवली, पट्टा चढवला आणि रामबागेतल्या भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणात फवाऱ्याने रंगकाम सुरू केलं. शेजारीपाजारी त्याला हवेचं मशीन म्हणायचे. आधी सायकली आल्या, मग कपाटं. आणि मग हातोदच्या एका डॉक्टरीणबाईंनी नव्या प्रसूतिगृहाच्या लोखंडी खाटा पांढऱ्या रंगात रंगवायला दिल्या. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. ते वेळेवर झालं तर पुढची कामं येणार होती. नाही तर हे उज्जैनला गिरणीत लागणार आणि मी सासरी देवासला जाऊन राहणार, असं आमचं ठरलं होतं.

नेमका तेव्हाच फ्यूज उडायला लागला. मशीन चालू केलं की थोड्या वेळाने सगळं घर बंद. आमचं आणि वर राहणाऱ्या मालकांचं, शर्माजींचं, मीटर एकच. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले, मे महिन्याचा उन्हाळा, आणि दर वेळी त्यांचा पंखा थांबायचा. शर्माजी जिन्यातून वाकून म्हणायचे, "दत्तूजी, फिर गई." यांचा चेहरा उतरायचा. हे फ्यूजची तार बदलायचे, ती पुन्हा उडायची. यांनी मोटर उघडली, पट्टा सैल केला, तेल बदललं. काही उपयोग झाला नाही. शेवटी शर्माजींनी वीज खात्यात जाऊन सांगितलं. त्यांचंही चुकलं नव्हतं.

त्याच सकाळी यांनी वैतागून फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार घातली. मशीन चालू झालं आणि चालतच राहिलं. यांनी दोन खाटा रंगवल्या, चहा मागितला, कितीतरी दिवसांनी गुणगुणले. तेवढ्यात दारात खाकी टोपी घातलेला, उंच, किडकिडीत माणूस उभा राहिला आणि काही न बोलता त्याने भिंतीला हात लावला.

हात लगेच मागे घेतला. "वहिनी, मेन कुठंय?"

मी बोळातल्या बोर्डाकडे बोट दाखवलं. त्यांनी खटका ओढला, फ्यूज उपसला आणि ती तार बघितली. अंगणातून हे हात पुसत आले. दोघं एकमेकांसमोर उभे, आणि मध्ये ती तार. हे म्हणाले, "साहेब, काम अडलं होतं म्हणून..."

मोघेसाहेबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पट्टीचं झाकण उघडलं. आत तारेवरचं रबर मऊ होऊन ओघळलं होतं. लाकूड आतून तपकिरी पडलं होतं. जळका वास नाकात गेला. वरच्या खोलीत म्हातारबाबा होते, आत पाळण्यात माझी मुलगी झोपली होती.

"देखो भाई," ते म्हणाले, "फ्यूज उडतो तेव्हा तो आपलं काम करतो. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत." आवाज चढलेला नव्हता. "वीज मी तोडू शकतो. तोडायलाच हवी. पण मग तुम्ही दुसऱ्या कुणाच्या घरून लाईन घ्याल आणि हेच तिकडे होईल. बसा. आधी विचारू, मग उघडू."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे आम्ही ते शंभरदा ऐकलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांनी विचारलं, "फ्यूज कधी उडतो?"

"मशीन चालवलं की."

"चालवल्या चालवल्या?"

"कधीही उडतो, साहेब. काही भरवसा नाही."

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. म्हटलं, "सकाळी पहिल्यांदा चालू करतात तेव्हा कधीच नाही उडत. टाकी भरली की मशीन आपोआप थांबतं ना, आणि यांनी थोडा रंग मारला की परत सुरू होतं, तेव्हा उडतो. आधी हुंऽऽ असा आवाज येतो. मोटर अडल्यासारखी. मग दिवे जातात."

मोघेसाहेब पूर्ण माझ्याकडे वळले. "हे यांना सांगितलं नाहीत?"

"विचारलं नाही कुणी."

हे माझ्याकडे बघत राहिले. मोघेसाहेबांनी मात्र मान हलवली आणि सरळ अंगणात गेले. टाकीत अजून हवा होती, मशीन बंद होतं. पंपापासून टाकीकडे जाणाऱ्या नळीचा नट त्यांनी जरासा सैल केला. फुस्स करून हवा सुटली आणि सुटतच राहिली. "ऐका. पंप बंद आहे. मग ही हवा कुठली? टाकीतली उलटी येतेय. मध्ये झडप आहे, ती हवेला आत जाऊ देते, मागे येऊ देत नाही. ती गळतेय. म्हणजे मोटर दुसऱ्यांदा उठते तेव्हा पंपात आधीच हवा दाबून बसलेली. छातीवर कुणी बसलं असताना उठता येईल का? मोटर जोर लावते, भलती वीज खेचते, फ्यूज उडतो."

टाकी रिकामी करून झडप खोलली. जुन्या गंजाचा एक पापुद्रा तिच्यात अडकला होता आणि आतली चामड्याची चकती वाळून वाकडी झाली होती. एवढीशी चकती. हे ती तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत होते. मग मोघेसाहेबांनीच यांना कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे पिटाळलं. पंपाच्या वॉशरच्या चामड्यातून नवी चकती कापली, तेलात भिजवली, बसवली.

पण मशीन चालू करू दिलं नाही. "ही तार दिव्यांसाठीची आहे. मोटरला जाड तारेची वेगळी लाईन घ्या, तिचा वेगळा फ्यूज. तोवर हात लावायचा नाही." मग जिन्याकडे बघून म्हणाले, "आणि दत्तोपंत, वर जाऊन शर्माजींना सांगून या. काय घातलं होतं ते."

"साहेब, ते घर सोडायला सांगतील."

"सांगतीलही. पण तिथे माणसं झोपतात. त्यांना माहीत पाहिजे."

हे वर गेले. मोघेसाहेबांनी माझ्याकडे पाणी मागितलं आणि प्यायलेच नाहीत, भांडं हातात धरून बसले. बऱ्याच वेळाने हे खाली आले, मागोमाग शर्माजी. ते उघड्या पट्टीपाशी गेले, आत बघितलं, डोळे मिटले. मग म्हणाले, "लाइन अलग करवा लो, दत्तूजी. पिताजी का पंखा बंद नहीं होना चाहिए. बस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा, आधी नाही.

दोन दिवसांनी नवी लाईन आली. डॉक्टरीणबाईंनी तेवढी सवड दिली. मोघेसाहेब स्वतः बघायला आले होते. मशीन सुरू झालं, टाकी भरली, मशीन थांबलं. यांनी खाटेवर रंग मारायला सुरुवात केली, पण सगळ्यांचं लक्ष टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडे. दाब उतरत गेला. मोटर हलली. ना हुंकार, ना अडखळणं. पट्टा सरळ फिरायला लागला. वरून शर्माजींचा आवाज आला, "चल रहा है, पंखा चल रहा है." हे तिथेच ओल्या खाटेच्या दांड्याला टेकून बसले आणि सदऱ्याला पांढरा पट्टा उमटला. आम्ही सगळे हसत सुटलो. मोघेसाहेब सगळ्यात शेवटी हसले, पण खूप वेळ हसले.

तेव्हापासून ते आमच्याकडे यायला लागले. रविवारी पोहे खायला यायचे आणि ग्वाल्हेरच्या तिळगुळाच्या गजकेपुढे इंदूरची शेव म्हणजे काहीच नाही, असं म्हणत दोनदा शेव मागून घ्यायचे. कडक होते, आणि त्यामुळे सगळ्यांचे लाडके नव्हते. गल्लीतल्या एका लग्नात कुणीतरी खांबावरून परस्पर तार ओढली होती. मोघेसाहेब पाहुणे म्हणून गेले आणि त्यांनी ती काढायला लावली. पंगत कंदिलावर उठली. वधूपिता कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. विमलताई चिडल्या, तर म्हणाले, "मांडव कापडाचा होता. मी काय करू?"

विचारायची सवय मात्र विजेपुरती नव्हती. यांना खोकला सुरू झाला आणि औषधांनी हटेना, तेव्हा त्यांनी विचारलं, "कधी येतो?" मग, "रविवारी येतो का?" रविवारी यायचा नाही. रविवारी रंगकाम बंद असायचं. दुसऱ्या दिवसापासून यांनी तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि रंगकाम अंगणातल्या छपराखालून उघड्यावर आणलं. महिन्याभरात खोकला गेला. उज्जैनच्या गिरणीचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

मग मध्यभारतही गेलं. नवं मोठं राज्य झालं, कचेऱ्या भोपाळला हलल्या, आणि मोघेसाहेबांची बदली आली. सामान ट्रकने पुढे गेलं होतं. आम्ही दोघं त्यांना बसवर पोचवायला गेलो. विमलताई आत बसल्या. साहेब खालीच रेंगाळत होते. हे म्हणाले, "साहेब, तुमचे उपकार..."

"उपकार नाही," ते म्हणाले आणि थांबले. मग यांच्याकडे न बघता हळूच बोलले, "ग्वाल्हेरला असताना अशाच एका घराची तक्रार आली होती. मी म्हटलं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी गेलो, तर घर नव्हतं. माणसं वाचली, पण सगळी नाही." त्यांनी टोपी नीट केली. "तुमच्याकडे मी त्याच दिवशी आलो. इंदुरातून मी एवढं घेऊन चाललोय, दत्तोपंत. मला पुष्कळ आहे."

कंडक्टरने हाक मारली. ते चढले, खिडकीशी बसले, आणि बस वळेपर्यंत आमच्याकडे बघत राहिले.

आम्ही घरी आलो. दारातून मुलगी पळत आली, तिला यांनी उचलून घेतलं. वर शर्माजींकडे कुणीतरी मोठ्याने हसत होतं. हे म्हणाले, "आज काम नको. असंच बसू जरा." आणि दिवेलागण होईपर्यंत आम्ही तिघं अंगणात बसून राहिलो.