निरोगी माणसाची नळी

दूध वर येत होतं, मुलीचा एक मोजा सापडत नव्हता आणि सासूबाई चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधत होत्या. तेवढ्यात दार वाजलं.

समोरच्या ताई होत्या. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं नोकरी. आई गेल्यापासून एकट्या. कधी चमचाभर साखर मागायलाही न येणाऱ्या ताई आज स्वेटर घालून उंबऱ्यात उभ्या. चेहरा सुजलेला. "येऊ का?" त्यांनी जाड, घोगऱ्या आवाजात विचारलं.

"आवाज बसलाय का गं तुझा?" सासूबाई म्हणाल्या. "भांडायला घरात कुणी नसलं की गंजतोच तो!"

ताई हसल्या, पण जरा उशिरा. मी गॅस बंद केला.

खुर्चीच्या कडेला टेकून त्या सांगू लागल्या. लॅबमध्ये थायरॉइडची नवी, जास्त नेमकी चाचणी आणायची होती. म्हणून तेच रक्त जुन्या आणि नव्या, दोन्ही चाचण्यांना लावून आकडे ताडून पाहत होते. निरोगी माणसाचं रक्त लागलं की ताई नेहमी स्वतःचीच बाही वर करत. रक्ताच्या चाळीस नळ्यांचे आकडे जुळले, एकीचे जुळेनात. साहेब म्हणाले, नवीच चाचणी चुकतेय, ती नळी वगळा. ताईंनी तीनदा तपासली.

"ती माझीच नळी, वहिनी. माझ्या रक्तातलंच काहीतरी जुन्या चाचणीला चकवत असावं. ती म्हणते ठणठणीत, नवी म्हणते थायरॉइड मंदावलाय. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

"पण तुम्हाला काही जाणवलं नाही?"

"थकवा होता, थंडी वाजायची. वाटलं, आई गेली म्हणून असेल."

डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले आणि विचारलं, आवाज पहिल्यापासून असाच जाड आहे का? घरच्यांना विचारून या. औषध सुरू करायचं का, ते त्यावर ठरणार होतं.

"आरशाला विचारलं," ताई म्हणाल्या. "तो कधी बोललाय?"

मला त्यांची हाक आठवली. कामावरून येताना खालच्या पायरीवरूनच त्या आईला हाक मारायच्या, इतकी खणखणीत की आमचं झोपलेलं बाळ दचकून उठायचं. ती हाक बंद झाली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बरं झालं, शांतता झाली.

ताईंनी स्वेटरची बाही ओढून नीट केली.

"उद्या साडेदहाला माझ्याबरोबर येऊन, माझा आवाज आधी कसा होता, तेवढं डॉक्टरांना सांगाल का?"