ब्रेकवरचा पाय

मास्तरांनी अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं, बायको तेवढी राहिली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! तसा त्यांनी लग्नानंतर एकदा प्रयत्न केला होता. पण मास्तरांची पद्धत म्हणजे तोंडाचा पट्टा सुरू आणि पाय कायम ब्रेकवर. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. समोरच्यानं काही करायच्या आत मास्तर तो दाबून मोकळे व्हायचे आणि वर विचारायचे, "डोळे काय खिशात ठेवलेत?" बायकोनं दोन-तीन वळणं ऐकून घेतलं, मग भर रस्त्यात दार उघडलं आणि चालत घरी गेली. त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही.

ही गोष्ट मात्र मास्तरांची नाही, त्यांच्या मुलीची आहे. मास्तरांची नजर अधू झाली आणि ड्रायव्हिंग स्कूल तिच्याकडे आलं. पाटी तीच, गाडी तीच, आणि खरं सांगायचं तर तोंडही तेच. विद्यार्थी घाबरून क्लच सोडायचे, गाडी आचके देऊन बंद पडायची, मॅडम ओरडायच्या, आणि विद्यार्थी आणखी घाबरायचे.

तिच्याकडे एक नर्स शिकायला यायची. एके दिवशी गाडीतून उतरता उतरता ती म्हणाली, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही मानसशास्त्राचे पॉडकास्ट ऐका. एक छान आहे, पाठवते."

"का? मला वेड लागलंय असं वाटतं तुम्हाला?"

"वेड लागू नये म्हणून तर सांगतेय. मीही ऐकते."

मॅडम दिवसभर धुमसत होत्या. पण संध्याकाळचा विद्यार्थी आलाच नाही, तेव्हा गाडीत बसल्या बसल्या तिनं नर्सनं पाठवलेल्या पॉडकास्टचा एक भाग लावला. एक बाई आणि एक गृहस्थ गप्पा मारत होते. घाबरलेल्या माणसाला कितीही सांगा, त्याच्या डोक्यात शिरत नाही, असं ते समजावत होते. ऐकून ती चमकलीच. हे दोघं कधी आपल्या गाडीत मागे बसून गेले की काय?

मग नव्याची नवलाई सुरू झाली. येता-जाता कानात तेच. एवढंच असतं तर ठीक होतं, पण तिनं ते शिकवतानाही गाडीत आणलं. एका बेकरीवाल्याला तिनं ऐन वळणावर विचारलं, "लहानपणी तुम्हाला कोणाची भीती वाटायची?" तो बिचारा इतका मनापासून सांगायला लागला, की हातवारे करायला त्यानं दोन्ही हात मोकळे केले. गाडी फुटपाथवर चढली आणि रोपवाल्याच्या कुंड्यांचा चुरा झाला. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. गाडीत फक्त रस्ता. मनाचं काय असेल ते उतरल्यावर.

उतरताना मात्र ती प्रत्येकाला त्याच्या त्याच्यापुरता एखादा भाग सुचवायची. भित्र्याला भीतीवरचा, चुकलं की रडणाऱ्याला चुकांवरचा. एका शहाण्याला तिनं फाजील आत्मविश्वासावरचा पाठवला, तर त्यानं तो न ऐकताच मेहुण्याकडे ढकलला. पण बाकीचे ऐकायचे. तीही ओरडायची कमी झाली. मास्तर म्हणायचे, "गाडी शिकवतेस की कीर्तन करतेस?"

तेवढ्यात मावशीनं अंथरूण धरलं. मावशी राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला. बहिणीकडे जायचं तर आईला रोज कोणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागायचं. एका दुपारी मटार सोलता सोलता ती लेकीला म्हणाली, "मला शिकवशील? कोणाला विचारायला लागू नये गं."

"या वयात?" मास्तर हसले. "पालथ्या घड्यावर पाणी!"

आईचा चेहरा पडला. मुलीला कळून चुकलं, की ही जर आता पुन्हा गाडीतून उतरली, तर परत कधीच बसायची नाही.

गोदामांमागच्या रिकाम्या मैदानात शिकवणी सुरू झाली. गिअर जमले, वळणंही जमली, थांबणं काही जमेना. भिंत जवळ आली की आई समोर बघायचं सोडून डावीकडे, लेकीच्या पायाकडे बघायची. लेक ब्रेक दाबायची आणि आई सुस्कारा सोडायची. मुलीनं नुकतंच ऐकलं होतं, की कोणी सतत सावरायला उभं असलं तर माणूस स्वतःला सावरायला शिकतच नाही. ऐकताना मान डोलावणं सोपं होतं. इथे तर तिचा स्वतःचा पाय ब्रेकवरून हलत नव्हता. बापाचाच पाय तो!

दुसऱ्या दिवशी तिनं चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"हे काय?" आई किंचाळली. "पाय खाली घे आधी!"

"नाही. ब्रेक आता तुझ्याकडे. हळू चालव. हँडब्रेक आहे माझ्या हाताशी."

"आणि ठोकली म्हणजे?"

"तर गाडीला पोचा येईल. चल."

बोलली खरी, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. भिंत जवळ आली. आईनं सवयीनं डावीकडे बघितलं, मांडी दिसली, तिनं घाईघाईनं समोर बघितलं आणि गाडी थांबली. भिंत चांगली लांब होती. आई कितीतरी वेळ आपल्याच पायाकडे बघत राहिली.

"मी थांबवली," ती म्हणाली.

"मग काय मी?"

परीक्षेच्या दिवशी मास्तर "सहजच" बरोबर आले. आई परीक्षकाशेजारी बसून निघाली. चढावर मधोमध गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. "ब्रेक!" म्हणून मास्तर ओरडले आणि त्यांचा पाय जमिनीवर आपटला. मुलीनं त्यांचा हात घट्ट धरला. "बाबा, ओरडू नका. ती करेल."

आईनं डावीकडे बघितलं नाही. गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पुन्हा चालू केली आणि सावकाश चढून गेली. परीक्षकानं कागदावर सही केली.

रांगेत उभ्या असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थानं हात जोडले. तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी. "वा मास्तर! अखेर वहिनींनाही शिकवलंत म्हणायचं!"

मुलीनं मान खाली घातली. बाबा आता हसून हो म्हणणार, याची तिला खात्री होती.

"मी नाही हो," मास्तर सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "मला आयुष्यभर जमलं नाही ते. ही आमच्या मुलीची विद्यार्थिनी आहे."