अर्ध्या मिलिमीटरची रेघ

नकाशावरच्या रेघेला जाडी असते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. भूमितीच्या पुस्तकातील रेषेला ती नसते. कागदावरील रेषेला असावीच लागते, नाहीतर ती दिसणार नाही. आमचे किनाऱ्याचे नकाशे चार हजारास एक या प्रमाणात असत. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. माझ्या पेनाची रेघ अर्ध्या मिलिमीटरची. भाट्याच्या खाडीकाठी ती दोन मीटर रुंद पडे.

खाडीपासून ठरावीक अंतराच्या आत नवे घर बांधायचे नाही, ही मर्यादा ती रेघ दाखवी. रत्नागिरीच्या कार्यालयात आरेखक म्हणून माझे काम एवढेच, की अर्जासोबतचा घराचा आराखडा नकाशावर ठेवायचा, अंतर मोजायचे आणि शेरा लिहायचा. मोजमाप रेघेच्या मध्यापासून घ्यावे, असे वरिष्ठांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवले. मी ते सर्वांसाठी पाळले.

एक अर्ज माझ्या थोरल्या बहिणीचा होता.

ताईचा सगळा संसार अलोऱ्याच्या वसाहतीत, सरकारी क्वार्टरमध्ये झाला. भिंतीत खिळा ठोकायचा तरी ती भावोजींना विचारी, "चालेल ना हो?" भावोजी गेल्यावर क्वार्टर सोडावी लागली आणि ती पालीला भाड्याच्या खोलीत राहू लागली. वडिलांनी खाडीकाठचा एक अरुंद तुकडा तिच्या नावे ठेवला होता. दरवर्षी दिवाळीनंतर गवत कापून झाले की ती तिथे खुंट्या ठोकी, दोरी ताणी आणि फक्कीने घर आखी. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. पावसात ते घर वाहून जाई. एकदा मी सरळ तिच्याकडे चालत निघालो, तशी ती ओरडली, "अरे, भिंतीतून काय येतोस? दार तिकडे आहे!"

तिचा अर्ज मी शेजारच्या आरेखकाकडे सोपवायला हवा होता. पण त्याने अनुकूल शेरा दिला असता तर लोक म्हणाले असते, भावाने करून घेतले. म्हणून मीच मोजले. आणि रेघेच्या मध्यापासून नव्हे, जमिनीकडच्या कडेपासून मोजले. स्वयंपाकघराची मागची भिंत पाऊण मीटर मर्यादेत शिरली. वरच्या अंगाला रस्ता असल्याने घर सरकवता येत नव्हते, आणि खोल्या आधीच नियमातल्या किमान मापाच्या होत्या. मी शेरा लिहिला. अर्ज नामंजूर झाला.

सांगायला मी पालीला गेलो.

"पाऊण मीटर म्हणजे किती रे?"

मी दोन हातांनी दाखवले.

"एवढंच? म्हणजे गॅसच्या ओट्याएवढं!" ती हसली. "रेघ तूच काढलीस ना? खोडरबर मी आणते."

"शाईची आहे, ताई."

"मग राहू दे. तू मोजलंस म्हणजे बरोबरच असणार." आणि दारात आलेल्या शेजारणीला म्हणाली, "बघा हो, सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही यानं!" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता. तेव्हा मला सांगता आले असते. मी चहा प्यायलो.

त्या दिवाळीनंतर तिने फक्की आणली नाही. तिसऱ्या वर्षी ती त्याच भाड्याच्या खोलीत वारली. घरमालक भला माणूस; त्याने हात जोडून सांगितले, दहा दिवसांचा दिवा खोलीत नको. दिवा मग माझ्या घरी लावला, जिथे ती कधी चार दिवसांच्या वर राहिली नव्हती.

मी निवृत्त होताना माझे टेबल घेणारी मुलगी जुने अर्ज तपासत होती. हुशार, नीटस मुलगी. तिने विचारले, "सर, सगळीकडे रेघेचा मध्य धरलाय. या एकाच अर्जात कड का?"

"अर्जदार माझी बहीण होती."

"मग तरी मध्यच ना, सर? सगळ्यांना तोच होता."

तिने पट्टी ठेवली आणि माझ्यासमोर पुन्हा मोजले. मध्यापासून मोजल्यावर भिंतीमागे वीतभर जागा उरत होती. तिला ते नवे होते. मला ते शेरा लिहिला त्याच दिवशी ठाऊक होते.