डोक्यावरच्या पाटीचा प्रश्न

फिजिओथेरपीच्या शेवटच्या परीक्षेसाठी मी मानदुखीची एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणत होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. "मोटार चालवताना मान दुखते का?" असं आमच्या वसईच्या गावांतल्या बायकांना विचारायचं म्हणजे थट्टाच. मार्गदर्शक बाईंना विचारून मी तिथं "डोक्यावर ओझं नेताना" असं घातलं. डोळ्यांसमोर माझी आत्या होती.

आत्या उमेळ्याची. वाडीतली केळी आणि भाजी पाटीत भरायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, की निघाली चालत वसई रोडच्या बाजारात. मान कायम आखडलेली. पाटी सोड, म्हणून मी तिचं किती डोकं खाल्लं! पण ती कसली ऐकते.

पहिल्यांदा प्रश्न वाचून दाखवले तेव्हा ती हसली.

"एवढी शिकलीस, नि मलाच इचारतेस कुठं दुखतं?"

पाटीच्या प्रश्नावर मात्र खूश झाली. "हे बरं इचारलंस. खूप दुखतं, लिही. पन पाटी नाय सोडनार."

प्रश्नावली भरवशाची आहे का, हे पाहायला तेच प्रश्न त्याच माणसाला काही दिवसांनी पुन्हा विचारतात. मधे दुखणं बदललेलं नसावं, एवढीच अट.

मधे आतेभावांनी वाडी बिल्डरला देऊन टाकली. मी गेले तेव्हा केळी आडवी झाली होती आणि विहिरीत भराव पडत होता. आत्या ओट्यावर बसली होती. "मला कोनी इचारलं नाय," एवढंच म्हणाली.

"मान कशी आहे?"

"नाय दुखत."

मी हात लावून पाहिला. खरंच, मऊ पडली होती. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता माझाच जीव तुटत होता. पुढे बाई म्हणाल्या, हिची परिस्थिती बदलली, उत्तरं धरता येणार नाहीत. त्यांचं चुकीचं नव्हतं. आत्याला मी अभ्यासातून वगळलं.

मान पाहिली त्या दिवशी मी निघाले, तेव्हा ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मान ताठ, पावलं जपून, आणि उजवा हात सवयीनं वर, डोक्याशी. तिथं काहीच नव्हतं. तिलाही ते कळलं, पण हात खाली घेणं तिला जमेना. मीच तो धरून खाली आणला, तेव्हा ती रडली.