तोंडवलीसमोरचं इंजिन

मालवणात फौजदार असतानाचं ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस माल नेणारं एक छोटं विमान तोंडवलीसमोर समुद्रात पडलं. वैमानिकाचा मृतदेह किनाऱ्याला लागला, विमान सापडलं नाही. विमानकंपनीने चूक वैमानिकाची ठरवली. माझ्याकडे फक्त आकस्मिक मृत्यूची नोंद होती, तीही मी बंद करायला निघालो होतो.

तेवढ्यात वैमानिकाची पत्नी ठाण्यात आली. धामापूरच्या शाळेत शिक्षिका. तिने मुंबईच्या कोर्टात कंपनीवर दावा लावला होता.

"चूक त्यांची असेलही," ती शांतपणे म्हणाली, "पण इंजिन न बघताच कसं ठरवलं? तसलीच तीन विमानं अजून उडतायत, साहेब."

मी नोंद उघडी ठेवली. पुढे बाजारातली एक मासेवाली हवालदाराला म्हणाली, "तोंडवलीच्या त्या तांडेलाक रोज तांबोशी गावता. हयल्या रेतीत तांबोशी खंयसून येतली?" तांबोशी ही मासळी खडकाच्या आडोशाला राहते. खडक नसेल, तर तळाशी दुसरं काहीतरी पडलेलं असणार.

त्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, बोलावून दम दिला, दोन तास बसवून ठेवलं. तो ढिम्म. मासळीची जागा तो सख्ख्या भावालाही सांगत नव्हता, तिथे फौजदार कोण लागून गेला? शेवटी शिक्षिकेला बोलावलं. तिने त्याला विचारलं,

"तांडेलानू, होडयेत पाणी इला तर तुमी फळी बघतास, काय तांडेलाक दोष देतास?"

"पयली फळी बघूची लागता, बाई," तो म्हणाला.

मुंबईहून पाणबुडे आल्यावर त्याने होडी काढली, पण अट घालून. "सायब, तोंड दर्याकडे." किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून तो जागा ओळखायचा, त्या आम्हाला दिसायला नकोत. पाणबुडे आणि मी, सगळे शिक्षा झालेल्या पोरांसारखे पाठ फिरवून बसलो.

इंजिन वर आलं. पंचनामा करून, मोहोर लावून मुद्देमाल कोर्टात पाठवला. तपासणीत दिसलं, इंधनाची नळी सांध्यापाशी तडकली होती, आणि तडा जुना, अपघाताच्या आधीचा होता. तिच्या वकिलाने भर कोर्टात विचारलं, उरलेल्या विमानांच्या नळ्या तपासल्या का? निकालाआधीच कंपनीला त्या तपासाव्या लागल्या. तीनपैकी दोन तडकलेल्या निघाल्या.

दावा ती जिंकली, नवऱ्यावरचा ठपका पुसला गेला. कोर्ट म्हणजे होऊन गेलेल्याचा निवाडा, असं मी नोकरीभर समजत होतो. या बाईने तेच कोर्ट अजून न पडलेल्या विमानांसाठी वापरलं. एवढी हिंमत मी खात्यातही फार थोड्यांत पाहिली.

निवृत्तीनंतर एकदा तोंडवलीला गेलो. तांडेल जाळं दुरुस्त करत बसला होता. वरून विमान गेलं, तसा त्याने हात थांबवला.

"फळी बदलल्यानी मां, सायब?"

"बदलली," मी म्हटलं. विमान दिसेनासं होईपर्यंत तो वर बघत राहिला.