सफरचंदाच्या झाडाची गळपट्टी

गल्लीत सगळे तिला टीपवाली म्हणत. कापड विरेल, पण हिची शिवण उसवायची नाही! एका जागी दोन टिपा मारायच्या आणि कुठं फट म्हणून ठेवायची नाही, हा तिचा स्वभाव. त्या स्वभावानं काय अनर्थ केला, ते ऐका.

घरामागच्या बागेत एक परदेशी वेल घुसली होती. कुणीतरी शोभेसाठी आणलेली. फुलं गोजिरवाणी, पण वेल महावस्ताद! एक मुळी उपटली की चार फुटायच्या. आणि बागेत सासऱ्यांचं सफरचंदाचं झाड. ते त्यांनी बायकोबरोबर लावलेलं. सासूबाई गेल्या, पुढं म्हाताऱ्याची नजरही गेली, उरलं ते झाड. रोज जेवण झालं की ते त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायचे, खोडावर हात ठेवून. वेल झाडाशी पोचली तेव्हा टीपवाली खवळली.

"बाबा, तुमच्या झाडाला धक्का लागू देते का बघा!"

झाडं तोडणाऱ्यांचा ट्रक गल्लीत आला की ती टोपली घेऊन धावायची. त्यांच्या यंत्रातून फांद्यांच्या ढलप्या पडत, आणि त्यांना त्या कुठंतरी टाकायच्याच असत. तिनं जमिनीवर पुठ्ठे अंथरले, वर ढलप्यांचा जाड थर दिला. ऊनच मिळेना म्हटल्यावर वेलीनं मान टाकली. बाईला आकाश ठेंगणं झालं. पण खोडाभोवती बोटभर फट दिसत होती, आणि फट हिला कशी सोसणार? शर्टाला गळपट्टी बसवावी तशा तिनं ढलप्या खोडाला गच्च दाबून गुडघ्यापर्यंत चढवल्या. दरवर्षी वर नवा थर.

"अगं, खोड ओलं लागतंय गं," बाबा म्हणायचे.

"ओल चांगलीच असते, बाबा," म्हणत ती शिलाई मशीनवर जाऊन बसायची.

यंदा फळं धरायच्या वेळी पानं पिवळी पडली. तिनं ढलप्या उकरल्या. कुजका वास आला. खोडाला हात लावते तर काय, साल भिजल्या कागदासारखी सुटून हातात! सगळ्या बाजूंनी. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. अहो, वेलीला जे जमलं नव्हतं, ते हिनं मायेनं केलं होतं!

"बाबा, मीच मारलं हो तुमचं झाड," ती कशीबशी म्हणाली. बाबांनी चाचपडत खोडाचा सडका भाग शोधला आणि हात तिथंच ठेवला.

झाड तोडायला तोच ट्रक आला. बाबा खुर्चीत बसून यंत्राची घरघर ऐकत होते. यंत्र थांबलं तसं यंत्रवाल्यानं सवयीनं विचारलं, "ताई, ढलप्या कुठं टाकू?"



"इथं टाका, माझ्या खुर्चीखाली," बाबा म्हणाले आणि चपला काढून, ढलप्या पडेपर्यंत त्यांनी पाय वर धरले.